एक फुटाला एक इंच : १९०८ च्या विमान अपघाताचे चालते मॉडेल

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात 'विमान अपघात' म्हटले की मॉडेल ठरलेले असते: थर्माकोलचे विमान, खाली कापसाचा धूर, बाजूला लाल रंग. परीक्षक बघतात, मान हलवतात, पुढच्या टेबलाकडे जातात. त्या मॉडेलमध्ये विमान पडलेले असते, पण का पडले ते कुठेच नसते.

इथे दिलेले मॉडेल उलट आहे. यात पडणे शेवटच्या सेकंदाला येते. त्याआधी काय सुटले, कशामुळे सुटले आणि त्याने पुढचे काय ओढून नेले, हे बघणाऱ्याला हाताने करून पाहता येते. घटना आहे १७ सप्टेंबर १९०८ ची. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या फोर्ट मायर छावणीच्या मैदानावर ऑर्विल राइट आपले विमान लष्कराला उडवून दाखवत होते. शेजारी लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज बसलेले, वय २६. विमान कोसळले, सेल्फ्रिजच्या कवटीला मार बसला आणि त्याच रात्री ते गेले. इंजिनाच्या विमानात माणूस दगावण्याची ही पहिली वेळ. ऑर्विल वाचले, पण डावी मांडी आणि बरगड्या मोडल्या.

बोर्डावर लिहिताना 'इंजिनाच्या विमानातला' हे शब्द गाळू नका. 'विमानातला पहिला मृत्यू' असे मोघम लिहिलेत, तर बिनइंजिनाच्या ग्लायडरवरून पडून १८९६ मध्ये गेलेले जर्मनीचे ओटो लिलिएनथाल आणि १८९९ मध्ये गेलेले इंग्लंडचे पर्सी पिल्चर यांचे काय, असा प्रश्न येतो आणि विद्यार्थी गडबडतो.

आधी साखळी डोक्यात बसवा

हात लावण्याआधी हा क्रम विद्यार्थ्याला पाठ नव्हे, समजलेला हवा. विमानाला इंजिन एक आणि प्रोपेलर दोन, दोन्ही पंखांच्या मागे. इंजिनापासून दोन्हीकडे साखळ्या गेलेल्या. प्रोपेलर लाकडी, आणि त्या दिवशी नवे, आधीच्यापेक्षा लांब, सुमारे ९ फुटांचे. उजव्या प्रोपेलरच्या एका पात्याला उभी चीर गेली. इथेच बहुतेक जण चुकतात. पाते तुटून उडाले असे ते सांगतात. ऑर्विल यांनी भावाला कळवलेले कारण वेगळे होते: चिरेमुळे पाते सपाट झाले. त्याचा पीळ गेला आणि हवा मागे ढकलण्याची ताकद गेली. त्याच प्रोपेलरचे दुसरे पाते मात्र पूर्ण जोराने ढकलत होते. एकाच आसावर एक पाते ढकलणारे आणि एक लुळे, म्हणून आस थरथरू लागला. थरथरीने त्याला धरून ठेवणारे ताण सैल झाले, आसाची नळी डुलू लागली, आणि डुलता डुलता चांगले पाते मागच्या सुकाणूच्या ताणाच्या तारेला लागले. तार उखडली. उभे सुकाणू आडवे पडले. विमानाने नाक खाली घातले.

बुरुडाला बांबू फाडताना ज्याने पाहिले आहे त्याला 'उभी चीर' म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. कोयत्याचा एक घाव, मग बांबू आपोआप रेषेने उकलत जातो. आडवा मात्र तो हट्टाने तुटत नाही. लाकडाच्या पात्याचेही तेच. टेबलावर कामटीचा एक अर्धवट फाकलेला तुकडा ठेवा. परीक्षकाच्या हातात द्या आणि पिळायला सांगा. न फाकलेली कामटी बोटांत ताठ लागते, फाकलेली सहज वळते. पाच सेकंदांत अर्धे काम होते.

माप आणि सामान

मॉडेलचे प्रमाण एक फुटाला एक इंच. कारण सोपे: शिंप्याची टेप पुरते, गुणाकार-भागाकाराची वही लागत नाही. खऱ्या विमानाचा पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे ४१ फूट, म्हणजे तुमचा ४१ इंच. रुंदी साडेसहा इंच. दोन पंख एकावर एक, मधली जागा ६ इंच. एकूण लांबी ३१ इंच. प्रोपेलर ९ इंच. बसलेली माणसे करायचीच असतील तर त्याच मापाने, उभी राहिल्यास पावणेसहा इंच भरतील अशी.

सांगाड्याला बांबूची कामटी घ्या, ५ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड. आठवडे बाजारात टोपल्या-सुपे विकणाऱ्या बुरुडाकडे सांगून तासून मिळते. ओल्या बांबूची घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत ती सुकून वाकते आणि पंख पिळवटतो. आणून आठ दिवस सावलीत, जमिनीवर आडवी, वर वीट ठेवून सुकवा. तुराटी हलकी म्हणून मोह होतो, पण ती खिळा-टाचणीला फुटते आणि गाभा भुसभुशीत असतो. फार तर स्टँडच्या सजावटीला वापरा.

कापड मांजरपाट. राइटबंधूंनीही पंखांना साधे सुती कापडच लावले होते, आणि कापसाच्या मुलखातल्या मुलाने हे बोर्डावर ठळक लिहायला हरकत नाही. १९०३ च्या विमानावर ते कापड उरेब लावलेले होते, म्हणजे धागे पंखाच्या कडेला तिरपे. मॉडेलला त्याची गरज नाही, कापड वाया जाते. ३६ इंच पन्ह्याचे सव्वा मीटर पुरते: १४ इंच रुंदीच्या दोन पट्ट्या दोन पंखांना, उरलेल्या ८ इंचांत सुकाणू आणि पुढचे आडवे भाग.

बाकी: १२ उभ्या खांबांसाठी जाड उदबत्तीच्या काड्या (मसाला खरवडून, ६ इंचांच्या), गोधडीचा जाड दोरा, सायकलचे तीन स्पोक, बॉलपेनच्या रिकाम्या जाड रिफिली, शिलाईच्या दोऱ्याची रिकामी रिळे चार, रबरबँड, गिअरची पिवळी मोटर एक (शाळेच्या प्रोजेक्टला मिळते ती), चार पेन्सिल सेल, दाराच्या घंटीचे बटण, लोखंडी वायसर ८-१०, लाकडी हुंडे (प्रोपेलरच्या मधले ठोकळे, ज्यात पाती बसतात), २ मिमी प्लायचे तुकडे. नायलॉन मांजा कशालाही वापरू नका. बंदी आहेच, शिवाय इथे तो कामाचाही नाही, गाठ सरकते.

पंख

प्रत्येक पंखाला ४१ इंचांच्या दोन कामट्या, पुढची आणि मागची, मध्ये ५ इंच. त्यावर साडेसहा इंचांच्या १५ आडव्या फासळ्या, जवळपास तीन-तीन इंचांवर. फासळ्या सरळ ठेवायच्या नाहीत. मेणबत्तीच्या ज्योतीपासून बोटभर वर धरून, हलवत हलवत, पुढच्या तिसऱ्या भागात ८ मिमीचा फुगवटा द्या. काळी पडली म्हणजे जवळ धरलीत, ती टाकून द्या. पंधराही फासळ्या एकाच ठशावर वाकवा, नाहीतर कापड ताणल्यावर पंख लाटालाटांचा दिसतो. पुठ्ठ्यावर एक वक्र कापून घेतला की ठसा तयार.

सांधे दोऱ्याने गुंडाळून फेविकॉल लावा. नुसता फेविकॉल बांबूच्या पाठीच्या गुळगुळीत सालीला धरत नाही. सांध्याच्या जागी साल आधी पॉलिशपेपरने घासा.

कापड लावण्याआधी धुऊन घ्या. कोऱ्या मांजरपाटाला गिरणीची खळ असते. ती न काढता लावलेत, तर पहिल्या दमट रात्री कापड ढिले पडते. धुतलेले, इस्त्री केलेले कापड पंखाच्या वरून आणि खालून, दोन्ही बाजूंनी लावायचे. एकाच बाजूने लावले की सुकताना ते पंखाला आपल्याकडे ओढते आणि पंख पन्हाळीसारखा वळतो. सगळ्यात जास्त मॉडेले इथेच बिघडतात. चिकटवून झाल्यावर एक भाग फेविकॉल तीन भाग पाण्यात कालवून ब्रशने एक हात द्या आणि पंख सपाट फळीवर चारही कोपऱ्यांना वजन ठेवून रात्रभर सोडा. मैद्याची खळही चालते, मात्र शाळेच्या खोलीत ती उंदरांचे जेवण ठरते.

मग दोन पंखांमध्ये पुढे सहा, मागे सहा काड्या उभ्या. प्रत्येक चौकटीत गोधडीच्या दोऱ्याची फुली. फुलीचे दोन्ही दोरे एकाच वेळी, समोरासमोर ओढून बांधा. एक आधी घट्ट केलात की चौकट तिरकी होते आणि दुसऱ्याने ती सरळ होत नाही. ही फुली शोभेची नाही. दोऱ्यांशिवाय सांगाडा उचलून बघा, खुळखुळा वाजतो. नंतर उचला, एकसंध येतो. पूर्ण विमान तारांच्या ताणावर उभे होते हे विद्यार्थ्याच्या हाताला कळले की 'एक तार तुटली तर एवढे काय' हा प्रश्न तो स्वतःच खोडतो.

प्रोपेलर, खरे काम इथे

आस म्हणजे स्पोकचा ५ इंची तुकडा, तो रिफिलच्या नळीत फिरणार. रिफिल आधी पूर्ण धुवा, शाईचा थेंब राहिला की आस जाम. दोन्ही प्रोपेलरच्या आसांमध्ये ११ इंच अंतर ठेवा, म्हणजे ९ इंचांच्या दोन प्रोपेलरांची टोके दोन इंच लांब राहतात.

मोटर मधोमध. तिच्या आसावर दोन रिळे, प्रत्येक प्रोपेलरच्या आसावर एक. डावीकडे रबरबँड सरळ, उजवीकडे आठच्या आकड्यासारखा फुली मारून. एकाच मोटरवर दोन प्रोपेलर उलट दिशांनी फिरू लागतात. खऱ्या विमानातही एक साखळी अशीच फुलीने नेली होती, नळ्यांतून, म्हणजे ती स्वतःवर घासू नये. तुमचा रबरबँडही फुलीच्या जागी घासतो आणि दिवसभरात तुटतो. कोल्ड्रिंकच्या स्ट्रॉचे दोन तुकडे घालून त्यातून न्या. सुटे रबरबँड तरीही दहा ठेवा.

प्रोपेलरचा हुंडा एक इंचाचा लाकडी. त्याला दोन्हीकडे भोके. पाती २ मिमी प्लायची, ४ इंच लांब, सव्वा इंच रुंद, बुडाला बांबूची गोल काडी चिकटवलेली. काडी हुंड्यात खुपसली की पाते कोनात बसते. साधारण पंचवीस अंश तिरपे ठेवा. डाव्या प्रोपेलरची दोन्ही पाती आणि उजव्याचे एक पाते फेविकॉलने पक्के करा. उजव्याचे दुसरे पाते चिकटवायचे नाही. ते नुसते घट्ट बसवा, बोटाने फिरवल्यावर फिरेल असे. हेच ते चिरलेले पाते. विद्यार्थी लोकांसमोर ते सपाट करतो आणि म्हणतो, 'इथून सुरुवात झाली.'

एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो: दोन्ही प्रोपेलरची पाती एकाच हाताची बसवतो. प्रोपेलर उलट फिरतात, म्हणून एकाची हवा मागे जाते आणि दुसऱ्याची पुढे. तपासायला पतंगी कागदाची पट्टी धरा. दोन्हींच्या मागे ती विमानापासून लांब उडाली पाहिजे. गिअरची मोटर हळू फिरते, तेव्हा पट्टी अगदी जवळ धरावी लागेल.

सरकणारा आस

उजव्या आसाची नळी पुढच्या टोकाला कापडाच्या पट्टीने बांधा, म्हणजे तिथे ती बिजागरीसारखी हलते. मागच्या टोकाला प्लायच्या तुकड्यात १० मिमी लांबीची आडवी खाच करा आणि नळी त्या खाचेत बसवा. नळी खाचेच्या बाहेरच्या टोकाला राहावी म्हणून बांबूची छोटी पाचर ठोका, पाचरेला दोरी बांधा आणि दोरी टेबलाच्या कडेपर्यंत आणा. आतल्या बाजूने एक रबरबँड नळीला ओढत असू द्या. पाचर निघाली की नळी १० मिमी आत सरकते.

आता सुकाणूच्या ताणाचा दोरा. मागच्या एका काडीला, आसाच्याच उंचीवर, टाचणीची खुंटी मारा. तिथून दोरा मागे सुकाणूच्या वरच्या टोकापर्यंत. खुंटीची जागा अशी शोधा की पाचर बसलेली असताना फिरणाऱ्या पात्याचे टोक आणि दोरा यांत ६ मिमी जागा मोकळी राहील. पाचर काढल्यावर पाते ४ मिमी दोऱ्याच्या पलीकडे जाते आणि त्याला पकडते. मोकळी जागा ३ मिमी ठेवलीत तर टेबलाला कोणी धक्का देताच विमान 'पडते'. ८ ठेवलीत तर पाते दोऱ्याला नुसते चाटून जाते आणि विद्यार्थ्याचा चेहरा पडतो.

सुकाणूच्या बाजूला दोऱ्याला गाठ मारू नका. दोऱ्याचे कडे करून ते टाचणीच्या आकड्यावर नुसते अडकवा. पाते दोरा ओढते, कडे निसटते, दोरा आसाभोवती गुंडाळतो. लगेच बटण सोडायचे, नाहीतर मोटर अडते आणि गरम होते. म्हणूनच स्विच न घेता घंटीचे बटण घ्यायचे. बोट उचलले की वीज बंद.

सुकाणू आणि नाक

सुकाणू म्हणजे कापड लावलेल्या दोन उभ्या चौकटी, ६ इंच उंच, अडीच इंच रुंद, शेजारी शेजारी. खालच्या बाजूने त्या शेपटीच्या दांडीला कापडाच्या बिजागरीने जोडा. एका बाजूने पातळ रबरबँड त्यांना आडवे पाडू बघत असतो, वरचा दोरा त्यांना उभे धरून ठेवतो. दोरा सुटला की त्या आडव्या पडतात.

विमान स्टँडवर एका स्पोकच्या आसावर तोलायचे. आस पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या एक तृतीयांशावर. नाकाला वायसर बांधत बांधत असे करा की सोडल्यावर नाक संथपणे खाली जाईल, आपटणार नाही. मग सुकाणूच्या खालच्या कडेला एक छोटी खुंटी, ती स्टँडच्या खाचेत अडकते आणि शेपूट खाली धरून ठेवते. सुकाणू आडवे झाले की खुंटी खाचेतून फिरून सुटते आणि नाक जाते. साठ अंशांवर अडेल असा स्पंजचा ठोकळा खाली ठेवा. खरे विमान जवळजवळ उभेच गेले होते, पण मॉडेलला तेवढे वळू दिलेत तर पुढचा एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा आडवा भाग) टेबलावर मोडतो.

एक गोष्ट पाटीवर प्रामाणिकपणे लिहा: 'इथे नाक वजनाने खाली जाते, खऱ्या विमानात हवेने गेले.' हे लपवले आणि परीक्षकाने वायसर पाहिले, तर गुण जातात. हवेचे काम दाखवायला शेजारी टेबलफॅन ठेवा. फूटभर लांबीची कामटी, मधोमध टाचणीवर तोललेली, वर-खाली हलू शकेल अशी. मागच्या टोकाला पोस्टकार्डाचा तुकडा उभा लावून पंख्यासमोर धरा, कामटी आडवी राहते. तोच तुकडा आडवा करा, पंख्याकडची कड जराशी वर. हवा खालून लागते, शेपूट वर जाते, नाक खाली. सुकाणू डावी-उजवीकडे वळवण्यासाठी होते, आडवे पडल्यावर ते वर-खालीचे काम करू लागले, तेही चुकीच्या दिशेने आणि चालकाच्या हाताबाहेर.

ज्यांना आणखी एक पायरी दाखवायची आहे त्यांनी टांगता दांडा करावा. ६० सेंमीची कामटी मधोमध मीटरभर दोऱ्याने टांगा. दोन्ही टोकांना खेळण्यातल्या ड्रोनच्या छोट्या मोटरी, दोघींची तोंडे एकाच बाजूला. मोटर आणि प्रोपेलर जोडीने येतात, एक उजव्या हाताचा, एक डाव्या. जोडी मोडू नका. दोन अल्कलाइन पेन्सिल सेल मधोमध कामटीवरच बांधा, बाहेरून वायर आणलीत तर तिचाच पीळ दांडा फिरवतो. साधे सेल दोन फेऱ्यांत बसतात. मोटरी दहा सेकंदांच्या वर चालवू नका. दोन्ही प्रोपेलर चांगले असताना दांडा थोडा पुढे सरकून जवळपास स्थिर राहतो. मग उजव्याचे एक पाते उकळत्या पाण्यात बुडवून चिमट्याने सपाट दाबून घ्या (हे शिक्षकांनी आधीच करून ठेवायचे) आणि पुन्हा सुरू करा. दांडा थरथरतो आणि उजवीकडे वळत जातो. फोर्ट मायरलाही विमान उजवीकडेच ओढले गेले होते. चालू प्रोपेलरजवळ बोट न्यायचे नाही, प्रयोग करणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा हवा.

भिंतीवरच्या दोन खुणा

मॉडेलच्या मागे भिंतीवर जमिनीपासून ७५ इंचांवर एक खूण करा, म्हणजे सव्वासहा फुटांवर. दाराच्या चौकटीच्या जरा खाली येते. दुसरी खूण २५ इंचांवर, बसायच्या बाकाच्या वर, टेबलाच्या खाली. विमान सुमारे १०० फुटांवर होते तेव्हा ऑर्विल यांना मागून हलकी टकटक ऐकू आली. मागे बघून काही दिसले नाही. त्यांनी इंजिन बंद करून उतरायचे ठरवले, तेवढ्यात दोन मोठे दणके बसले. इंजिन बंद केले, घसरत खाली येऊ लागले, आणि सुमारे ७५ फुटांवर नाक गेले. पुढचे ५० फूट जवळजवळ सरळ खाली. २५ फुटांवर विमान सावरू लागले होते. आणखी थोडे फूट मिळाले असते तर सुखरूप उतरलो असतो, असे त्यांनी नंतर कळवले.

बघणाऱ्याला भिंतीशी उभे करून हे सांगा. मॉडेलच्या मापात, त्याच्या डोक्यावरून निघालेले विमान त्याच्या मांडीपाशी सावरू लागले आणि तेवढी उंची पुरली नाही. ७५ फुटांवरून नुसता दगड सोडला तरी सव्वादोन सेकंदांत जमिनीवर येतो. तोंडाने 'एक, दोन' म्हणा आणि थांबा. एवढ्यात एका माणसाने बिघाड ओळखायचा होता.

टकटकीसाठी सायकलच्या चाकाला मुले पुठ्ठा लावतात तीच युक्ती: पत्त्याचे एक पान पात्याला हलके लागेल असे धरा. आवाज बारीक ठेवा. मोठा केलात तर मंडपातल्या भोंग्याशी स्पर्धा होते आणि हरता.

विचारले जाणारे प्रश्न

इंजिन एक तर प्रोपेलर दोन का? मोठे, सावकाश फिरणारे प्रोपेलर त्याच शक्तीत जास्त ढकलतात, आणि उलट फिरले की एकमेकांचा पीळ मारतात. हे सांगताना फुलीचा रबरबँड दाखवा.

सेल्फ्रिज नुसते प्रवासी होते का? नाही. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या विमान-मंडळीत ते होते, त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी स्वतः विमान उडवले होते. फोर्ट मायरला ते लष्कराच्या बाजूने पाहायला बसले होते.

शिरस्त्राण होते का? नव्हते. दोघे खालच्या पंखाच्या पुढच्या कडेवर उघड्यावर शेजारी बसलेले. मोटरसायकलवरून बिनहेल्मेटचा येणारा परीक्षक हा प्रश्न विचारत नाही, असा अनुभव आहे.

मग लष्कराने विमान नाकारले? नाही. पुढच्या वर्षी ऑर्विल परत आले, अटी पूर्ण केल्या, आणि २ ऑगस्ट १९०९ ला ते विमान विकत घेतले गेले: २५,००० डॉलर, वर ठरल्यापेक्षा जास्त वेगाबद्दल ५,००० बक्षीस.

महाराष्ट्रात हे मॉडेल मांडले की कोणीतरी शिवकर बापूजी तळपद्यांचा (राइटबंधूंच्या आधी मुंबईत विमान उडवल्याचा दावा ज्यांच्याबद्दल केला जातो ते) विषय काढतोच. वाद घालू नका. पहिले कोण उडाले हा या टेबलाचा विषय नाही, प्रोपेलर कसा बिघडला हा आहे, एवढे सांगून पाचरेची दोरी त्यांच्याच हातात द्या.

समजावणारा विद्यार्थी दोन भाषांत तयार हवा. साक्री, शिरपूर, अमळनेरकडच्या प्रदर्शनात आजूबाजूच्या गावांतले लोक मुलाबाळांसह येतात. 'भाऊ, हाई इमान पडनं कसं?' असे विचारणाऱ्या आजोबांना 'अनुदैर्घ्य तडा' सांगून भागत नाही. त्यांना आहिराणीतच सांगा आणि फाकलेली कामटी हातात द्या. उलट बांबू कसा फाटतो हे तेच तुम्हाला चार गोष्टी जास्त सांगतील.

नेताना

शेपटीची दांडी आणि पुढचा एलिव्हेटर काढता येतील असे बनवा, दोन स्पोकच्या टोकांवर बसणारे. पंखांचा भाग ४१ इंचांचा, एसटीच्या सामानाच्या जागेत आडवा राहत नाही. ४५ इंची खोक्यात उभा ठेवून मांडीशी धरून न्यावा लागतो. मागच्या सीटवर बसू नका, तिथले हादरे फुलीचे दोरे सैल करतात. पोहोचल्यावर पहिले काम तेच: प्रत्येक दोरा बोटाने छेडून बघणे. ढिला असेल तर त्यात काडीचा तुकडा घालून पीळ द्या, सोडून पुन्हा बांधत बसू नका.

प्रदर्शनाच्या आधी घरी किमान वीस वेळा विमान 'पाडा'. वीसपैकी सतरा-अठरा वेळा नीट पडले तरच न्या. पुन्हा उभे करायला एक मिनिटापेक्षा जास्त लागत असेल तर आकड्याची किंवा पाचरेची जागा चुकली आहे. मंडपात लाइट जाते म्हणून मोटर सेलवरच ठेवा. टेबलफॅन मात्र बंद पडेल, तेव्हा कामटीचा प्रयोग पुठ्ठ्याच्या वाऱ्याने करायची सवय असू द्या.

सोबतच्या डबीत: रबरबँड दहा, गोधडीच्या दोऱ्याचे कडे केलेले पाच तुकडे, तयार पाचरी तीन, टाचण्या, एक जास्तीचे पाते, चार नवे सेल, ब्लेड, फेविकॉलची छोटी बाटली आणि फाकलेल्या कामटीचे दोन तुकडे. पहिला तुकडा दुपारपर्यंत कोणीतरी पिळून पूर्ण फाडलेला असतो.